अक्का, तुमच्या सायकलचं माप

अक्का, तुम्ही गेलात त्या दिवशी गल्लीतल्या एवढ्या बायका रडल्या, की घरच्या भावजयीला रडायला जागाच उरली नाही. दारात, कट्ट्यावर, नळापाशी, जिथं बघावं तिथं कुणीतरी पदर तोंडाला लावून उभी. कुणाचं बाळंतपण तुम्ही केलेलं, कुणाच्या लेकराला टोचलेलं, कुणाच्या नवऱ्याला दटावून दारूच्या गुत्त्यावरून उठवून आणलेलं. मी आत चहाचं आधण ठेवत होते आणि मनात म्हणत होते, उद्या मी गेले तर यातल्या किती जणी येतील? आल्या तरी ‘नर्सबाईंची भावजय गेली’ म्हणूनच येतील. तुमचा देह अजून घरात होता आणि माझ्या डोक्यात हे चाललं होतं. लाज वाटायला हवी, पण खरं सांगते, वाटली नाही. तुमचा हेवा करायची मला इतक्या वर्षांची सवय. ती तुमच्याबरोबर लगेच कशी जाणार?

आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून नेलं. मठातल्या अय्यांनी कपाळभर विभूती लावली, हातात इष्टलिंग ठेवलं, आणि झेंडूच्या माळा सोडलेल्या मखरात तुम्ही ताठ बसलात. हे पुढच्या बाजूला खांद्याला होते. मी दारातून बघत होते आणि माझ्या मनात काय यावं? इतक्या वर्षांत अक्कांना एका जागी न घसरता बसलेलं मी पहिल्यांदाच बघते आहे. हसू आलं मला. खरंच आलं. पदर तोंडात कोंबला तर शेजारच्या राजम्माला वाटलं मी हुंदका आवरते आहे, तिनं माझी पाठ चोळली. तुम्ही असतात तर माझ्याआधी हसला असतात. आणि त्यानंतर मात्र मला जे रडू आलं, ते कुणालाच आवरेना.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. माझ्या बाजूनं तुम्ही ते कधी ऐकलंच नाही.

मला बघायला तुम्ही मंद्रूपला आलात त्या एकट्या, सायकलवर. आमच्या गावात सायकलवर बसलेली बाई कुणी पाहिली नव्हती. आई घाईघाईनं आत आली आणि म्हणाली, पोराकडची बाई आलीया, पण गड्यागत सायकलवर. मागं पोरांची ही झुंबड. तुम्ही मला चालून दाखव म्हणाला नाहीत, की गाणं म्हण म्हणाला नाहीत. शाळा कितवीपर्यंत झाली, एवढंच विचारलंत. मग म्हणालात, माझा भाऊ अबोल आहे, तुला चालेल का? ह्यांना लहानपणापासून तुम्हीच वाढवलं, शिकवलं, मिलमध्ये मागावर लावून दिलं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला नवरा कसा असेल याची काळजी नव्हती. ही बाई ज्या घरात आहे तिथं जायला मिळतंय, यातच मी खूश होते. हेवा नंतर सुरू झाला.

तो त्या सायकलपासूनच सुरू झाला. मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या मेट्रनबाई मायदेशी निघाल्या तेव्हा तुम्हाला देऊन गेलेली ती सायकल. काळीभोर, बायकांची, पुढचा दांडा खाली वाकवलेला, साखळीवर पत्र्याचं झाकण आणि त्याच्यावर सोनेरी रेघ. विलायती फ्रेम. पण सीटखालचा मूळचा दांडा, ज्याला दुकानदार पिलर म्हणतात, तो तुमच्या हातात येण्याआधीच मोडला होता आणि कुणीतरी त्या जागी इथला बसवला होता. तो फ्रेमच्या नळीपेक्षा केसभर बारीक. केसभरच, पण तेवढ्यानं त्या नळीनं त्याला कधी आपला म्हटलं नाही. नट कितीही आवळा, तुम्ही बाळीवेशीपर्यंत जाऊन आलात की सीट खाली उतरलेलं, आणि उतरता उतरता त्याचं नाक एका बाजूला फिरलेलं. संध्याकाळी तुम्ही गल्लीत शिरायचात तेव्हा गुडघे पार वर आलेले असायचे. पोरं हसायची. तुम्हीही हसायचात.

आणि मग रविवार. अंघोळ झाली, पूजा झाली, कपभर चहा झाला, की हे पाना घेऊन अंगणातून तुमच्या खोलीपुढं. आमच्या लग्नानंतर तुम्ही आपणहून समोरच्या खोलीत राहायला गेलात, जेवायला मात्र आमच्यात. तुमच्या पायरीशी सायकल आडवी व्हायची. हे दांडा उपसून काढायचे, रॉकेलच्या चिंधीनं पुसायचे, तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीनं कापून त्याची पट्टी दांड्याभोवती गुंडाळायचे आणि लाकडी ठोकळा वर ठेवून तो पुन्हा नळीत ठोकायचे. तुम्ही पायरीवर बसून शेंगा फोडायचात. दाणे परातीत, टरफलं पदरात. दोन-तीन दिवस सीट धरायचं. बुधवारपासून पुन्हा खाली.

मी आत कांड्या भरत बसलेली असायची. राजम्माच्या घरी चादरीचे माग, त्यांच्या धोट्याला लागणाऱ्या सुताच्या कांड्या मी घरी भरून द्यायची. रहाट फिरवता फिरवता कान अंगणात. तुम्ही ह्यांना धाकटा भाऊ म्हणून ‘तम्मा’ म्हणायचात, आणि दोघं कन्नडमधून बोलायचात. मला कन्नड येत नसतं तर बरं झालं असतं. मला वाटलं असतं काहीतरी मोठं, माझ्यापासून लपवलेलं बोलतात. पण आमच्या मंद्रूपला घरोघर कन्नड. मला सगळं कळत होतं, आणि तुम्ही दोघं काहीच बोलत नव्हतात. यंदा शेंगा बारीक आहेत. त्या भिंतीला पोपडे आलेत. अक्कलकोटच्या मावशीची म्हैस व्याली का? मध्ये कितीतरी वेळ नुसता पत्रा कापल्याचा आवाज. इतकं काही न बोलता माणसं एकमेकांपाशी इतका वेळ बसू शकतात, याचाच मला हेवा वाटायचा. माझ्यापाशी हे बसले की कामाचं बोलायचे. रेशन आणलं का, रॉकेल संपलं का, लेकीच्या शाळेत काय सांगितलं. बोलणं संपलं की उठायचे.

लेक गौरासुद्धा तुमचीच. शाळेत बाईंनी विचारलं, मोठेपणी कोण होणार, तर म्हणाली आत्या होणार. नर्स नाही, आत्या. सगळा वर्ग हसला म्हणून घरी येऊन रडली, आणि रडायला गेली तीही तुमच्याच पायरीवर. मी दारात उभी राहून बघितलं. तुम्ही तिच्या केसांतून हात फिरवत माझ्याकडं पाहिलंत, आणि तिला हळूच माझ्याकडं ढकललंत. ते ढकलणंही मला आवडलं नाही. माझी लेक मला तुमच्या हातून मिळावी, हे कसं आवडेल?

पण त्या लेकीला जगात आणलंत तेही तुम्हीच, ते मी विसरले नाही. पहिलं बाळंतपण म्हणून मी मंद्रूपला होते. दुष्काळाचं वर्ष, विहिरीला पाणी नाही, सुईणीनं हात टेकले. दूध घालायला सोलापूरला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप पाठवला, आणि भर दुपारी उन्हात तुम्ही आलात. एसटीची वाट बघत बसला नाहीत. सीट पार फ्रेमला टेकलेलं होतं. अर्ध्याहून जास्त वाट तुम्ही पायडलवर उभ्या राहून मारली होती. आलात, हात धुतलेत, आईला बाहेर घालवलंत आणि मला म्हणालात, “कस्तुरी, माज्याकडं बघ. दुसरीकडं कुटं बघू नको.” मी बघितलं. तुमच्या चेहऱ्यावरचा घाम माझ्या हातावर पडत होता. गौरा रडली तेव्हा तुम्ही खाली बसलात त्या उठताच येईना, गुडघे धरले होते. माझी आई तुमच्या पाया पडली आणि म्हणाली, अशी नणंद देवानं समद्या पोरींना द्यावी. आणि अक्का, अंगातलं त्राण गेलेलं असताना मला वाटलं, घ्या, माझी आईसुद्धा ह्यांची झाली. तुमचं मनगट मात्र मी सोडत नव्हते. आईनं सोडवलं तेव्हा सुटलं.

दुसऱ्या दिवशी हे आले. त्यांनी आधी तुमच्या गुडघ्यांना तेल चोळलं, मग आत येऊन लेक बघितली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला आज सांगते आहे.

आपलं भांडण म्हणावं असं एकदाच झालं, आणि तेही धड झालं नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांत झाली होती. स्वयंपाकघरातली फळी एका बाजूनं निखळून लोंबत होती, हे तिला ‘पुढच्या रविवारी’ म्हणून कितीतरी रविवार ढकलत होते, आणि त्या दिवशी पुन्हा तुमच्या पायरीशी पत्रा कापत बसलेले. मी पिठाच्या हातानं बाहेर आले.

“अक्का, ही सायकल मोडीत घाला आन् नवी घ्या की.”

तुम्ही शेंगा फोडत राहिलात. “चांगली हाय की फ्रेम. जुनी हाय म्हणून हिच्या मापाचा पिलर मिळत न्हाय, येवढंच.”

“शोधला तर मिळंल.”

“शोधून झालंय.” मग तुम्ही मान वर केलीत. “तुला काय तरास हाय गं तिचा?”

हे ठोकळा हातात धरून थांबले होते. मी म्हटलं, मला कशाचा त्रास, तुमच्या गुडघ्यांसाठी बोलले. तुम्ही अजून माझ्याकडं बघत होतात, जणू उत्तर यायचं बाकी होतं. मी आत गेले. त्यानंतर कितीदा वाटलं, बाहेर जावं आणि सांगावं, होय, आहे त्रास. पण ते राहिलं. तुमच्या शेवटच्या आजारातही राहिलं. काविळीनं तुम्ही पिवळ्या पडलेल्या, मी चमच्यानं उसाचा रस पाजत होते, आणि तुम्ही डोळे मिटून विचारलंत, आज वार कोणता? मी म्हटलं शुक्रवार. तुम्ही मान वळवलीत. रविवारची वाट बघताय म्हणून तेव्हाही मला टोचलं.

दिवसकार्य झाल्यावरचा पहिला रविवार. मला वाटलं होतं हे आता झोपून राहतील, नाहीतर देवळात जातील. हे उठले, अंघोळ केली, चहा घेतला आणि पाना घेऊन तुमच्या पायरीशी गेले. ती सायकल तुमच्या आजारापासून कुणी हलवली नव्हती. सीट जिथल्या तिथं होतं. तरी ह्यांनी दांडा उपसला, जुनी पट्टी काढली, नवा पत्रा कापला, ठोकला, तुमच्या उंचीला आणून नट आवळला आणि रिकाम्या पायरीकडं बघत बसून राहिले. भाकरी निवली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मधल्या दिवसांत तोंडातून शब्द नाही. मिलमधून यायचे, जेवायचे, भिंतीकडं तोंड करून पडायचे. एका रविवारी गौरा शेंगांची परात घेऊन तुमच्या जागी जाऊन बसली. बराच वेळ फोडत होती. परत आली आणि म्हणाली, “आई, बाबांनी मला बघितलंच न्हाय.”

तेव्हा मी घाबरले. जिवंतपणी तुम्ही माझा रविवार नेलात, तो मी सोसला. आता तर तुम्ही अख्खा माणूस घेऊन चालला होतात. चिडले मी तुमच्यावर. गेलेल्या माणसावर एवढं चिडू नये म्हणतात, पण मी चूल फुंकता फुंकता तुम्हाला मोठ्यानं बोलत होते. आणि त्याच रागात ठरवलं, हे सीट एकदा कायमचं बसवायचं. जुन्या फ्रेमचं माप मिळत नाही म्हणे. बघू कसं मिळत नाही. ते नीट बसलं की ह्यांना तिथं जाऊन बसायला कारण उरणार नाही, मग कधी ना कधी घरात येतील.

हे पहिल्या पाळीला गेल्यावर मी दांडा बाहेर ओढला. आत बोट घातलं तेव्हाच कळलं की आजवर सगळे कुठं फसत होते. इतकी वर्षं नट आवळून आवळून नळीचं तोंड चेपलं होतं, नट आवळता यावा म्हणून ठेवलेली मागची चीर मिटत आली होती. सगळ्यांनी माप घेतलं ते त्या चेपलेल्या तोंडाचं. आत नळी रुंदच होती. तोंडाला घट्ट वाटणारा दांडा खाली गेला की मोकळा. मला लोखंडातलं काही कळत नाही, पण सुताचं कळतं. मी एक रिकामी कांडी घेतली आणि तिच्यावर सूत गुंडाळत गेले. थोडं गुंडाळायचं, नळीत घालून बघायचं, पुन्हा थोडं. चिरीत लाकडाची पाचर मारून तोंड उघडलं, आणि कांडी चिरीच्याही खाली जाईल अशी दाबत नेली. पहिल्या वेळी फसले, कारण बाण्याचं, आडव्या विणीचं मऊ सूत घेतलं होतं. ते दबतं, आणि दबलं की खोटं माप सांगतं. मग राजम्माकडून खळ दिलेलं ताण्याचं, उभ्या धाग्याचं सूत मागून आणलं. ते ताठ असतं. ते ओढून, थराला थर लावून गुंडाळलं.

तरी कांडी अर्ध्यात अडायची. आत काहीतरी होतं. लोखंडी सळीनं खरवडलं आणि सायकल उलटी करून आपटली, तेव्हा पत्रे पडायला लागले, अक्का. ह्यांच्या हातच्या पट्ट्या. खाली घसरून नळीत अडकलेल्या, एकात एक गेलेल्या, गंजून तांबड्या झालेल्या. काहींवरची अक्षरं अजून वाचता येत होती. तुपाचा डबा, दवाखान्यातल्या दूध पावडरीचा डबा, माझ्या लग्नात आलेल्या बिस्किटांचा डबा. तो डबा मी घरभर शोधला होता. अंगणात त्या पट्ट्यांचा ढीग झाला आणि मी त्याच्यासमोर बसून राहिले. एकेक पट्टी म्हणजे एकेक सकाळ. माझ्या वाट्याच्या सकाळींचा एवढा ढीग कुठं दाखवता येईल, असं वाटून पुन्हा पोटात दुखलं.

नळी साफ झाल्यावर कांडी नीट बसली. हातानं फिरवली तर फिरत होती, सोडली तर जागची हलत नव्हती. सुताचं टोक गाठ मारून पक्कं केलं, फडक्यात गुंडाळलं आणि नव्या पेठेकडच्या महिबूबभाईंच्या दुकानात गेले. तुम्ही पंक्चरला त्यांच्याकडेच जायचात, एवढंच मला माहीत होतं. मी कोण ते सांगितलं नाही. या मापाचा सीटचा पिलर पाहिजे, म्हटलं. त्यांनी कांडी हातात घेऊन फिरवली, सुतावर बोट दाबून बघितलं, माप घ्यायचा कॅलिपर लावला. मग माझ्याकडं बघितलं.

“नर्सबाईंची सायकल ना?”

मी मान हलवली. ते उठले, टायरांच्या मागं भिंतीला खिळा होता, त्याच्यावरून कागदात बांधलेलं काहीतरी काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. तेल लावलेला, चकचकीत पिलर. म्हणाले, भंगारात एक विलायती फ्रेम आली होती, तिच्यातला हा. गेली दिवाळी, त्याच्या आधीची दिवाळी, त्याच्याही आधीपासून इथं टांगलेला आहे. मी विचारलं, मग तुम्ही त्यांना कळवलं नाही? त्यांनी मान खाली घातली. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते.

“कळवलं की बाई. बोलावून घेतलं, नळीचं तोंड खोलून, आतले पत्रे खाली दाबून हितंच बसवून दिला. नर्सबाई पार्काच्या मैदानाला एक चक्कर मारून आल्या. लई खूश. बोलल्या, महिबूबभाई, आज पयल्यांदा नीट बसले मी. आन् उतरून बोलल्या, आता काढा.”

“काढा?”

“हौ. मी बी हेच इचारलं, काढा कशाला? तवा बोलल्या, ‘हे नीट झालं तर तम्मा माज्याकडं येऊन बसंल कशाला? त्याला बायको हाय, लेकरू हाय. कस्तुरीचं समदं भरलेलं हाय, महिबूबभाई. माज्याकडं येवढंच हाय.’ जुना पिलर परत घालून घेतला आन् तशाच गेल्या. कुणाला बोलू नका म्हणल्या. आता त्या न्हाईत, म्हणून बोललो.”

दुकानातल्या बाकड्यावर मी बसले. त्यांनी पाणी दिलं. मला आधी तुमचा राग आला, अक्का, खूप राग आला. दोन वर्षं तुम्ही गुडघे मोडत फिरलात. शोधून झालंय, म्हणाला होतात, आणि खरंच झालं होतं. मग मला तुम्ही दिसलात. पार्काला चक्कर मारताना, ताठ बसलेल्या, एकदाच. आणि ते उतरवून ठेवून पुन्हा गुडघे वर घेऊन घरी येणाऱ्या. मी दारातून बघत असणार. नेहमीसारखी कपाळाला आठी घालून बघत असणार.

तुम्हाला माझा हेवा वाटत होता. किती वेळा स्वतःशी म्हणून बघितलं तरी खरं वाटेना. माझ्या ताटात काय होतं हेवा करण्यासारखं? भिंतीकडं तोंड करून झोपणारा नवरा, रॉकेल आणि रेशन, कांड्या. पण तुमच्या पायरीवरून ते भरलेलं दिसत होतं. आणि अक्का, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझा हेवा आजवर कुणीच केला नव्हता, आणि केला तो तुम्ही. मग त्याच्यामागोमाग इतकं वाईट वाटलं की महिबूबभाईंनी त्यांच्या बायकोला आतून बोलावलं. ‘तुला काय तरास हाय गं तिचा?’ असं तुम्ही विचारलं होतंत. मी ‘होय’ म्हटलं असतं, तर तुम्ही तुमचं सांगितलं असतंत का? कदाचित दोघी भांडलो असतो. कडकडून भांडलो असतो, आणि मग तुम्ही परात माझ्याकडं सरकवली असतीत, शेंगा फोड म्हणून. मी तुमच्या पायरीवर एकदाही बसले नाही. तुम्ही बोलावलं नाहीत, आणि मी येत नाही म्हणून तुम्ही बोलावत नव्हतात.

आज रविवार. सकाळी हे पाना घेऊन निघाले तेव्हा मी पिलर त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि तुमच्या पायरीशी जाऊन बसले. मी आणि गौरा मागं उभ्या होतो. पत्रा नाही, ठोकळा नाही. पिलर नळीवर धरला आणि तो आपल्या वजनानं, हळू, आत गेला. ह्यांनी नट आवळला. दोन्ही हातांनी सीट धरून पिरगाळलं, वरून सगळा भार टाकला. सीट जागचं हललं नाही. मग ह्यांनी सीटवर कपाळ टेकलं आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले. मोठ्यानं रडले. गौरा त्यांच्या गळ्यात पडली तर त्यांनी तिला जवळ ओढली.

नंतर आत आले. चुलीपुढं पाट ओढून बसले, आणि माप कसं काढलं म्हणून विचारलं. मी कांडी दाखवली. मऊ सुतानं कशी फसले ते सांगितलं, बिस्किटाच्या डब्याचं सांगितलं तेव्हा हसले. भाकरी होईपर्यंत बसले होते. फारसं काही बोलत नव्हतो आम्ही. यंदा ज्वारी बरी आहे, एवढं म्हणाले. मी भाकरी थापत होते, ते कांडीवरचं सूत बोटानं चाचपत होते. मग म्हणाले, “अक्का येवढी वर्षं शोधत हुती. तिला जमलं न्हाय ते तू केलंस.”

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं जीव टाकला, ते तुम्हाला कळेल. आणि ते खरं नाही, हे या घरात मला एकटीला माहीत आहे. माझ्या तोंडावर आलं होतं सगळं, पार्काची चक्कर, ‘आता काढा’, तुम्ही जे जे बोललात ते. पण सांगितलं असतं तर ते उठून पुन्हा तुमच्या पायरीशी जाऊन बसले असते, आणि या वेळी मी त्यांना तिथून कधीच उठवू शकले नसते. मी भाकरी तव्यावर टाकली. सांगेन, अक्का. तुमचं आहे ते, त्यांना द्यायलाच हवं. पण आज नाही. एवढा एक रविवार माझ्याकडं राहू द्या.